पावसाळ्यात येर्बा सादळू नये म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चिपळूणला राहते, वय ६४. माझा मुलगा नोकरीसाठी चार वर्षं उरुग्वेमध्ये मोन्तेविदेओला होता. सून बाळंत झाली तेव्हा मी सहा महिने तिकडे जाऊन राहिले आणि येताना माते, म्हणजे वाळलेल्या पाल्यावर गरम पाणी घालून नळीनं ओढायचं पेय, प्यायची सवय घेऊन आले. यंदाच्या एप्रिलमध्ये मुलगा कायमचा परत आला. त्यानं येर्बाची, म्हणजे मातेच्या त्या पाल्याची, सात पाकिटं आणली, प्रत्येकी एक किलोची. चार उरुग्वेची, दोन अर्जेंटिनाची आणि एक ब्राझीलचं, ते अगदी हिरवंगार. आता तो बंगळूरला असतो आणि दुपारी झोपाळ्यावर बसून माते पिणारी घरात मी एकटीच.

उरुग्वेचं एक पाकीट मसाल्याच्या फडताळात ठेवलं होतं, त्याला गोड्या मसाल्याचा वास लागला. निम्मं संपलं, निम्मं तसंच आहे. अर्जेंटिनाचं एक आषाढात फोडून डब्यात भरलं, ते पंधरा दिवसांत सादळलं. वरवर बरं दिसतं, पण कुबट वास येतो आणि तळाशी एक-दोन गोळे झालेत. बाकीची पाच बंद आहेत. शेजारच्या वहिनी म्हणतात, ताटात पसरून ऊन दाखवा. मुलगा म्हणतो, सगळी फ्रीजरमध्ये टाक. ब्राझीलच्या पाकिटावर डिसेंबरची तारीख आहे, बाकीच्यांवर पुढच्या वर्षीची. तारीख उलटली की टाकून द्यायची का? मी फार जपून वापरते, कारण ही संपली की परत कुठून आणायची? आणि माते प्यायच्या भोपळ्याच्या भांड्याला आतून पांढरी बुरशी आली आहे, त्याचंही सांगा.

एक वाचक, चिपळूण

नमस्कार काकू. तुम्ही मला ताई म्हटलंत, पण वयाचा मान म्हणून मी काकूच म्हणते.

आधी तातडीचं सांगते. कुबट वासाचा डबा आजच रिकामा करा. तळाचे गोळे तेवढे काढावेत आणि वरचं वापरावं, असं मनात येईल, पण तसं करू नका. गोळे धरलेत आणि वास फिरलाय, म्हणजे बुरशी डोळ्यांना दिसायच्या आधीच डब्यात सगळीकडे पोचली आहे. काही बुरश्या जी विषं तयार करतात ती मातेच्या पाण्यानं नष्ट होत नाहीत, आणि कढईत भाजून ती गेली असं खात्रीनं म्हणता येत नाही. मुलानं अर्ध्या जगावरून उचलून आणलेला जिन्नस टाकताना हात अडखळणार, हे मला कळतं. तरी टाका. अंगणात माड किंवा जास्वंद असेल तर आळ्यात पुरा, पाल्याचंच खत होईल.

दुसरं तातडीचं, ऊन दाखवू नका. वहिनींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे वैशाखात गहू, डाळी, मिरच्या, आमसुलं सगळ्यांना ऊन दाखवतात आणि मग आगोटीची बेगमी भरतात. पण ते सगळे दाणे, फळं, साली. येर्बा म्हणजे पान. पानाचा हिरवेपणा ज्या हरितद्रव्यात असतो ते उजेडानं आणि उष्णतेनं मोडतं, हिरवा रंग मातकट पिवळा होतो, आणि पानातली सुवासिक तेलं आपल्या उन्हात उडून जातात. दमटपणा थोडा कमी होईल, पण हातात उरेल तो वाळल्या गवताचा चुरा. मी हे करून बसले आहे. पोसादासला असताना एका किलोची येर्बा सुंदर काचेच्या बरणीत भरून खिडकीत ठेवली होती, दिसायला छान म्हणून. तीन आठवड्यांत काचेलगतची सगळी फिकी पडली, आणि तिच्यात पाणी घातलं की ओल्या पेंढ्यासारखी चव येई.

पोसादास म्हणजे अर्जेंटिनाच्या मिसिओनेस प्रांताची राजधानी. दोन वर्षं मी तिथे होते. मिसिओनेस हा येर्बाचा मुलूख, तांबडी माती, पाराना नदी, आणि वर्षाला पावणेदोन-दोन हजार मिलिमीटर पाऊस. चिपळूणच्या मानानं कमी, पण आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून जात नाही, वर्षभर पडत राहतो. त्यामुळे कपाटातल्या चपलांवर बुरशी, मीठ ओलं, दारं फुगलेली, हे सगळं तिथेही. तरीही त्या दमट हवेत घरोघरी येर्बा चांगली टिकते. म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर मला पहिल्यांदा माझ्या तिथल्या घरमालकीणबाई आठवल्या. तुम्हाला पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

पण आधी ही वस्तू आहे काय ते पाहू, म्हणजे कशाला जपायचं ते आपोआप कळेल.

झाडाचं शास्त्रीय नाव इलेक्स पाराग्वारिएन्सिस. पाराग्वे, ब्राझीलचं दक्षिण टोक आणि अर्जेंटिनाचा ईशान्य कोपरा एवढ्याच पट्ट्यात ते मोठ्या प्रमाणात होतं. तुम्ही जिथे राहून आलात त्या उरुग्वेत येर्बा जवळजवळ पिकतच नाही, आणि तरी माणशी सगळ्यात जास्त तिथलीच माणसं पितात. काखेत थर्मास मारून रस्त्यानं चालणारी माणसं तुम्ही मोन्तेविदेओत पाहिली असतीलच. त्यांची बहुतेक येर्बा ब्राझीलमधून येते.

फांद्या तोडल्या की एका दिवसाच्या आत पानं थेट ज्वाळेवरून काही क्षण फिरवतात. याला तिकडे सापेकादो म्हणतात. पान तडतडतं आणि त्यातली रसायनं जागच्या जागी थांबतात, नाहीतर कापलेल्या सफरचंदासारखं ते काळं पडेल. मग पान पूर्ण वाळवतात, त्यात पाण्याचा अंश शेकडा पाचच्या आसपास उरतो. तीन किलो हिरव्या पाल्याची जेमतेम किलोभर येर्बा होते. मग जाडसर कुटतात आणि पोत्यांत भरून मुरत ठेवतात. नैसर्गिक पद्धतीनं नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, आणि उष्णता-दमटपणा राखलेल्या खोलीत घाईनं केलं तर महिना-दोन महिने. या मुरवण्याला एस्तासिओनामिएन्तो म्हणतात. पानाचा कच्चा, झोंबणारा हिरवटपणा त्यात जातो, रंग सोनेरीकडे झुकतो, चव गोल होते. नव्या तांदळापेक्षा जुन्या तांदळाला आपण मान देतो, तसंच हे.

म्हणजे काकू, तुमच्या अर्जेंटिनाच्या आणि उरुग्वेच्या पाकिटांतली येर्बा तुमच्या घरी आली तेव्हाच कित्येक महिन्यांची होती. काळाला ती फारशी घाबरत नाही. तिला घाबरवणाऱ्या गोष्टी चार, ओल, परका वास, उजेड आणि ऊब. त्यातही कोकणात पहिल्या दोन. पाच टक्के पाण्यावर आणलेलं पान श्रावणातल्या हवेत उघडं पडलं की स्पंजासारखं पाणी ओढतं. चहाची पूड ओढते तसंच, फक्त येर्बा जास्त बारीक असल्यामुळे लवकर. उरुग्वेची येर्बा तर बहुतेक पिठासारखी असते, काड्या जवळजवळ नसतातच.

ब्राझीलचं पाकीट मात्र वेगळ्या जातीचं. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या रियो ग्रांदे दो सूल राज्यात शिमारऊंसाठी, म्हणजे तिकडच्या मातेसाठी, जी येर्बा लागते ती मुरवत नाहीत. तोडली, वाळवली, बारीक कुटली आणि लगेच पाकिटात, कारण त्यांना तो पोपटी रंग आणि ताज्या पाल्याचा वासच हवा असतो. हिला जुन्या तांदळाचा नियम लावता येत नाही, ही ताज्या मेथीच्या घरची. बंद पाकिटातसुद्धा ती महिन्यामहिन्यानं उतरते. म्हणून तुमच्या मुलाचं म्हणणं या एका पाकिटापुरतं अगदी बरोबर आहे. ब्राझीलमध्येही कितीतरी घरांत हिरवी येर्बा फ्रीजरमध्येच ठेवतात.

पण ठेवायची रीत पाळावी लागेल. पाकीट फोडून एकदम आत ठेवू नका. कोरड्या दिवशी, कोरड्या हातांनी तिचे शंभर-शंभर ग्रॅमचे भाग करा, जाड झिपच्या पिशव्यांत हवा दाबून काढून भरा, त्या सगळ्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि मग फ्रीजरमध्ये. एक पिशवी काढली की ती बंदच ठेवून ओट्यावर तीन-चार तास राहू द्या, घरातल्या हवेइतकी कोमट होऊ द्या, मग उघडा. गार पिशवी लगेच उघडली तर बाटलीवर घाम येतो तसा पानावर घाम येतो, आणि सगळी मेहनत वाया. काढलेली पिशवी परत आत ठेवायची नाही, ती आठवडाभरात पिऊन संपवायची.

बाकीच्या चार पाकिटांना फ्रीजर नको. त्यांना त्याची गरज नाही आणि तुमच्याकडे धोका जास्त. पावसाळ्यात वीज जाते, कधी दिवसभर येत नाही. फ्रीजर वितळतो, पुन्हा गोठतो, आणि प्रत्येक खेपेला आतला ओलावा कागदात शिरतो. फ्रीजचा दरवाजा तर सगळ्यात वाईट जागा. दिवसातून वीस वेळा उघडझाप, शेजारी चिरलेला कांदा, लसणाची चटणी, विरजण. येर्बा ते सगळं पिऊन बसते.

मग ठेवायची कुठे? माझ्या घरमालकीणबाई येर्बाची बंद पाकिटं स्वयंपाकघरात ठेवतच नसत. झोपायच्या खोलीतल्या कपाटात, खालच्या कप्प्यात, पत्र्याच्या डब्यात. स्वयंपाकघरात फक्त आठवड्याची येर्बा, येर्बेरा म्हणतात त्या छोट्या डब्यात. मोन्तेविदेओत तुम्ही साखरेच्या डब्याशेजारी त्याची जोडी पाहिली असेल. मला तेव्हा वाटलं, ही जागेची सोय असेल. नंतर कळलं की स्वयंपाकघर म्हणजे वाफ, ऊब आणि वास, तिन्ही एकाच खोलीत.

तुम्हीही तसंच करा. पाकिटं कागदाची असतात आणि कागद ओल आत येऊ देतो, म्हणून बंद आहे यावर विसंबू नका. प्रत्येक पाकीट न फोडता जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि सगळी मिळून एका मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवा. पूर्वी लाडू-चकल्यांचे असायचे तसले घट्ट झाकणाचे डबे उत्तम. झाकण सैल असेल तर कडेला कापडाची पट्टी लावून बसवा. डबा घरातल्या मधल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस मारतो, ती भिंत टाळा. फ्रीजच्या डोक्यावर नको, तिथे ऊब असते. आणि ज्या ट्रंकेत किंवा कपाटात डांबराच्या गोळ्या आहेत तिथे तर मुळीच नको, तो वास गोड्या मसाल्यापेक्षा वाईट आणि कायमचा. देवघराच्या कप्प्यात उदबत्त्या-कापूर असतात, तेही टाळा.

डब्याच्या तळाशी ओल शोषायला काही घालायचं असेल तर खाण्याच्या पदार्थांसाठी म्हणून मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घाला. औषधांच्या बाटलीतल्या नकोत, त्यांना औषधाचा वास असतो. नाहीच मिळाल्या तर मिठाच्या बरणीत घालतो तशी कोरड्या भाजून पूर्ण गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी चालेल. तिचा उपयोग थोडाच होतो, आणि पंधरा दिवसांनी तांदूळ बदलायला हवेत.

आता उघडण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमची येर्बा सादळली ती तिथेच. बंद पाकीट पावसाळ्यात फोडायची वेळ आली तर पाऊस थांबलेली, हवा जरा हलकी झालेली दुपार निवडा. फोडायच्या आधी पाकीट आडवं धरून हलक्या हातानं दोन-चारदा उलटसुलट करा. प्रवासात आणि कपाटात उभं राहून बारीक पूड तळाशी जाते. तशीच वरून काढत गेलात तर शेवटच्या पाव किलोत नुसती पूड येते, ती बोंबिय्यात, म्हणजे माते ओढायच्या गाळणीच्या नळीत, अडकते, आणि आपल्याला वाटतं येर्बा खराब झाली. मग एकाच मोठ्या डब्यात किलोभर ओतू नका. पाव-पाव किलोच्या चार डब्या घ्या आणि त्या अगदी काठोकाठ भरा. डबी जितकी भरलेली तितकी आत हवा कमी. तीन डब्या झाकण लावून मोठ्या डब्यात परत, एक वापरायला. त्या एकीतूनही आठवड्यापुरती येर्बा लहानशा डबीत काढून घ्या आणि रोज उघडायची ती फक्त तीच. तुमच्या एक किलोच्या डब्याचं झाकण आषाढात रोज एकदा-दोनदा उघडलं गेलं, म्हणजे पंधरा दिवसांत पंधरा ते तीस वेळा सगळ्या किलोनं ओली हवा घेतली. पाकीट चांगलंच होतं, त्याला रोजची हवा बाधली.

डबी स्टीलची असू दे. काचेची असेल तर कपाटाच्या आत ठेवा. प्लास्टिकची नको, त्यातही मसाला किंवा लोणचं एकदा राहून गेलेली तर नकोच, कारण तो वास घासून जात नाही. स्टीलला वास असेल तर गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन रिकाम्या डब्याला खुशाल ऊन दाखवा, वहिनींचा सल्ला इथे उपयोगी पडेल. मात्र डबा आतून पूर्ण कोरडा आणि गार झाल्याशिवाय भरू नका, झाकणाच्या दुमडीत पाणी लपून बसतं. चमचा कोरडा. लोणच्याला जो सोवळेपणा आपण पाळतो तोच इथे. आणि किटलीतून वाफ येत असताना तिच्या शेजारी डबी उघडायची नाही. आधी भांडं भरा, डबी मिटून कपाटात ठेवा, मग पाणी तापवा. घरमालकीणबाईंनी मला दिलेली ही सगळ्यात साधी शिस्त, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची.

गोड्या मसाल्याच्या वासाचं निम्मं पाकीट उरलंय, त्याचं काय करायचं? वास काढता येत नाही. पसरून ठेवली तर मसाल्याबरोबर येर्बाचा स्वतःचा वासही जाईल. पण ती खराब नाही, पिण्याजोगी आहे. अर्जेंटिनात माते कोसीदो करतात. भांड्यात पाणी, त्यात चमचा-दोन चमचे येर्बा, एक उकळी, गाळायचं, दूध-साखर. आपल्या चहाचीच रीत. त्यात आल्याचा तुकडा आणि वेलची घाला, गोड्या मसाल्यातली दालचिनी-लवंग त्यात खपून जाईल. पाराग्वेत तर साखर आणि येर्बा निखाऱ्यानं जाळून, मग त्यावर पाणी ओतून कोसीदो करतात, त्या करपलेल्या साखरेच्या वासापुढे दुसरा वास टिकत नाही. गॅसवर जाड बुडाच्या पातेल्यात साखर तांबूस होऊ देऊन करून पाहा. रंग उतरलेली किंवा किंचित मऊ पडलेली, पण कुबट वास न येणारी येर्बासुद्धा अशीच संपवायची.

वास ओढून घेण्याचा हा गुण तिकडे कामालाही लावतात. पोसादासला संत्र्याची वाळलेली साल येर्बाच्या डब्यात टाकून ठेवलेली मी कितीतरी घरांत पाहिली. दोन दिवसांत सगळ्या डब्याला संत्र्याचा वास. नागपुरी संत्र्यांच्या दिवसांत एका लहान डबीपुरतं करून बघा, मात्र साल कडकडीत वाळलेली हवी, मोडली की चुरा व्हावा अशी. तिच्यात ओल राहिली तर बुरशी तिथूनच सुरू होईल.

तारखेचं. पाकिटावर व्हेन्से किंवा व्हेन्सिमिएन्तो असं लिहून जी तारीख असते तिथपर्यंत चव आणि वास राहील, असा तिचा अर्थ. मुरवलेली येर्बा कोरडी, बंद आणि अंधारात राहिली असेल तर तारखेनंतर चार-सहा महिने मी निर्धास्त पिते. अर्जेंटिनाची येर्बा परदेशात सगळ्यात जास्त जाते ती सीरियाला, आठवडे न् आठवडे जहाजातून, आणि तिथे पोचल्यावरही लोक आवडीनं पितात. बंद पाकीट बरंच सोसतं. पारख नाकानं आणि बोटांनी करायची. चिमूटभर घेऊन चोळा. कुरकुरली आणि वाळलेल्या पाल्याचा, थोडा धुराचा वास आला तर ठीक. बोटात दबली, मुरगळली तर सादळली आहे. तळघरासारखा, ओल्या गोणपाटासारखा वास आला तर तारीख कितीही पुढची असो, टाकायची. ब्राझीलच्या पाकिटाची डिसेंबरची तारीख मात्र पाळा.

एक शंका मला तुमच्या पत्राबाहेरची आहे. येर्बा शिळी झाली असं वाटून माणूस पुष्कळदा पाणी जास्त कढत घेतो. उकळतं पाणी पहिल्याच दोन घोटांत सगळं ओढून घेतं, माते कडू लागते आणि लगेच धुतल्यासारखी पांचट होते. तिकडे तिला लावादो म्हणतात. पाणी ७० ते ८० अंश, किटलीत गुणगुण सुरू झाली पण बुडबुडे फुटले नाहीत इतपत. थर्मासातलं पाणी घोट घेण्याआधी जरा निवू द्या. ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढवतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली सांगितलं आहे.

आता जपून वापरण्याबद्दल. तुमच्या पत्रातली ही ओळ माझ्या मनात राहिली. परत कुठून मिळणार म्हणून तुम्ही मुठीतून चिमूट काढताय. जरा हिशेब करू. एकट्या माणसाच्या लहान भांड्याला २५ ग्रॅम येर्बा पुरते. किलोला चाळीस दिवस. चार मुरवलेली पाकिटं आणि एक हिरवं मिळून पाच किलो, म्हणजे दोनशे दिवस. आता भाद्रपद आहे. रोज दुपारी मनसोक्त प्यायलात तरी ती चैत्रापर्यंत जाते, आणि पुढच्या आगोटीच्या आधी घरात एकही पाकीट उरत नाही. म्हणजे दुसरा पावसाळा तिला दाखवायचाच नाही. चिमटीचिमटीनं वापरलीत तर ती पुढच्या आषाढात पुन्हा तुमच्या कपाटात असेल आणि आज जे झालं तेच पुन्हा होईल. म्हणून भांडं भरून प्या. आधी ब्राझीलची, डिसेंबरच्या आत. मग अर्जेंटिनाची. उरुग्वेची तीन शेवटी, थंडी आणि उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत फोडायला ती सोपी जातील.

संपल्यावर भारतातही ऑनलाइन मिळते, महाग पडते, पण मिळते. घेताना अर्ध्या किलोची घ्या आणि दिवाळीनंतर घ्या. मुलाला बंगळूरहून येताना पाव किलो आणायला सांगितलं तर तोही खूश होईल.

राहिलं भोपळ्याचं भांडं. ते ज्या वेलीचं आहे तिचीच मोठी फळं पंढरपूर-मंगळवेढ्याकडून मिरजेला जातात आणि त्यांचे तंबोरे होतात. दोन्हीकडे फळ एकच, कडू भोपळा. तंबोऱ्याला कोरडं राहावं लागतं आणि तुमच्या भांड्याला रोज ओलं व्हावं लागतं, एवढाच फरक, म्हणून त्याला बुरशी लवकर येते. पांढरी बुरशी वरवरची असेल तर चमच्याच्या कडेनं आतून खरवडा, सगळं धुऊन काढा, उकळतं पाणी काठोकाठ ओतून दहा मिनिटं ठेवा, ओता, पुन्हा एकदा तेच करा. मग तोंड तिरकं करून हवेशीर जागी दोन-तीन दिवस वाळवा. पालथं घालू नका, वाफ आतच कोंडते. कडक उन्हातही नको, तडा जातो. वाळल्यावर आत नाक घालून बघा. वास राहिला असेल किंवा बुरशी काळी, खोल गेलेली असेल तर ते भांडं आठवणीसाठी शोकेसमध्ये ठेवा आणि प्यायला चिनी मातीचा किंवा स्टीलचा लहान पेला घ्या. कोकणात जून ते सप्टेंबर मी तरी तेच सुचवीन. चव दोन आणे कमी, काळजी बारा आणे कमी.

आणि पिऊन झाल्यावर ओला गाळ भांड्यात तसाच ठेवून दुपारची झोप काढायची नाही. लगेच बोटानं काढा, गार पाण्यानं विसळा, साबण नको, आणि झोपाळ्याच्या कडेला वाऱ्यावर आडवं ठेवा.